अहवालात ‘मर्यादेत’ लिहिले आहे, पण फेटलिंगवरचा माणूस खोकतो आहे : नेमके काय तपासावे?

प्रश्न : अंबडचा_सुपरवायझर

नमस्कार. मी नाशिकमधील अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. वाहनांना लागणारे बिडाचे सुटे भाग आम्ही ओततो. एकूण सुमारे १४० कामगार आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ठेकेदाराकडून येतात. साचे वाळूचे असतात. ओतलेला भाग थंड झाला की नॉकआउटवर साचा फोडला जातो, मग शॉट ब्लास्टिंग होते आणि शेवटी फेटलिंग विभागात हातातील ग्राइंडरने कडा व चिकटलेली वाळू काढली जाते.

दरवर्षी बाहेरची एक प्रयोगशाळा येऊन हवेची तपासणी करते. यंदाही तीन पानी अहवाल आला आणि शेवटी ‘सर्व मापने विहित मर्यादेत आहेत’ असे वाक्य आले. तो फाइलला लागला. मात्र माझ्या विभागातील सर्वांत जुना फेटलर, ज्याला या कामावर सतरा वर्षे झाली आहेत, गेल्या पावसाळ्यापासून सतत खोकतो आणि घराचे दोन जिने चढताना त्याला मध्ये थांबावे लागते. एका दवाखान्यात त्याला क्षयरोगाची औषधे सुरू केली, तीन महिने झाले, पण उतार पडलेला नाही. त्याला अहवालाची भाषा समजत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही समजत नाही. व्यवस्थापनाला विचारले तेव्हा ‘मास्क वाटा आणि सही घ्या’ एवढेच उत्तर मिळाले.

माझे शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमापर्यंतचे आहे. अहवाल बरोबर आहे की नाही हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे? इंडस्ट्रियल हायजिनिस्ट म्हणून जे तज्ज्ञ असतात, ते सेफ्टी ऑफिसरपेक्षा वेगळे काय करतात, आणि आमच्या एवढ्या कारखान्याला त्यांची गरज आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १ : श्वासक्षेत्र

आपण प्रश्न विचारलात याबद्दल आधी मनापासून आभार, कारण बहुतेक ठिकाणी अहवाल फाइलला लागला की विषय संपतो. मी वीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करतो आहे, त्यामुळे थोडे लांबीने लिहितो.

सेफ्टी ऑफिसरचे लक्ष मुख्यतः अपघाताकडे असते. हात यंत्रात जाऊ नये, उंचीवरून कोणी पडू नये, आग लागू नये, हे तो पाहतो. इंडस्ट्रियल हायजिनिस्टचे लक्ष अशा गोष्टींकडे असते ज्या आज काहीच करत नाहीत आणि दहा-पंधरा वर्षांनी माणूस निकामी करतात. धूळ, धूर, वाफा, आवाज, कंप आणि उष्णता या गोष्टी कुठे उत्पन्न होतात हे ओळखणे, त्या माणसापर्यंत किती पोहोचतात हे मोजणे आणि त्या उगमापाशीच अडवणे, असे हे काम आहे. यांतील मोजणे हा केवळ मधला टप्पा आहे, परंतु आपल्याकडे तोच शेवटचा मानला जातो आणि तोही अनेकदा चुकीचा केला जातो.

आता आपला अहवाल उघडा आणि पहिला प्रश्न विचारा : यंत्र कुठे ठेवले होते? अहवालात ‘फेटलिंग विभाग, मध्यभागी’ असे असेल, किंवा बाहेरच्या हवेच्या प्रदूषणासाठी वापरतात तसा उभा पेटीसारखा सँपलर वापरला असेल, तर त्या आकड्याने खोलीची हवा कळते, फेटलरच्या नाकात काय जाते ते कळत नाही. ग्राइंडर त्याच्या चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर असतो आणि धुळीचा झोत तिथेच सर्वांत दाट असतो. म्हणून नमुना घ्यायचा तो श्वासक्षेत्रात, म्हणजे नाकातोंडाभोवती सुमारे तीस सेंटिमीटरच्या आत. कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावतात, त्याची नळी खांद्यावरून पुढे घेऊन कॉलरला सायक्लोन आणि फिल्टर अडकवतात, आणि तो माणूस नेहमीसारखा काम करत राहतो.

सायक्लोन कशासाठी, हेही समजून घ्या. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि बाहेर पडते. फुप्फुसाच्या अगदी तळच्या वायुकोशांपर्यंत जाणारे कण साधारण दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतात, आणि मोजमापाच्या प्रमाणित व्याख्येत चार मायक्रॉनच्या आसपासचे निम्मे कण या श्वसनीय भागात धरले जातात. सायक्लोन जाड कण बाजूला टाकतो आणि हे बारीक कण फिल्टरवर जाऊ देतो. नायलॉनचा दहा मिलिमीटरचा सायक्लोन असेल तर पंप मिनिटाला १.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे आठ तासांत ८१६ लिटर. पंपाचा वेग कामाआधी आणि कामानंतर तपासला होता का, याची नोंद अहवालात असावी लागते. ती नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना आधार राहत नाही.

दुसरा प्रश्न : किती वेळ मोजले? आपल्याकडे एक तास मोजून तोच आकडा दिवसभराचा म्हणून देण्याची पद्धत रुळली आहे, आणि तो तास नेमका जेवणाच्या सुट्टीला लागून असतो. मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी असते. उदाहरणादाखल धरा की एखादा माणूस तीन तास नॉकआउटवर आहे आणि तिथे श्वसनीय धूळ घनमीटरला १.२ मिलिग्रॅम आहे, नंतर चार तास फेटलिंगवर ०.६ आहे आणि उरलेला तास आवराआवरीत ०.१ आहे. तीन गुणिले १.२ म्हणजे ३.६, चार गुणिले ०.६ म्हणजे २.४, आणि त्यात ०.१ मिळवून आठाने भागले की सरासरी सुमारे ०.७६ येते. फक्त शेवटच्या तासात पंप लावला असता तर अहवालात ०.१ आले असते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : कोणती मर्यादा लावली? बऱ्याच अहवालांत घनमीटरला दहा मिलिग्रॅम ही मर्यादा दिसते. तो आकडा अमेरिकेतील एका तज्ज्ञसंस्थेने विशेष विषारी गुणधर्म नसलेल्या सर्वसाधारण धुळीसाठी सुचवलेला आहे. फाउंड्रीची धूळ ही तशी धूळ नव्हे, कारण तिच्यात वाळूतील स्फटिकी सिलिका म्हणजे क्वार्ट्झ असते. २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत क्वार्ट्झयुक्त श्वसनीय धुळीसाठी एक सूत्र आहे : दहाला, धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे. क्वार्ट्झ पाच टक्के असेल तर मर्यादा १.४३ येते, वीस टक्के असेल तर ०.४५. वर काढलेली ०.७६ ही सरासरी पहिल्या धुळीत मर्यादेत बसते आणि दुसऱ्या धुळीत मर्यादेच्या दीडपटीहून पुढे जाते. म्हणून फिल्टरवरील धुळीत क्वार्ट्झ किती आहे हे क्ष-किरण विवर्तनाने किंवा इन्फ्रारेड पद्धतीने तपासल्याशिवाय मर्यादाच ठरत नाही. आपल्या अहवालात क्वार्ट्झची टक्केवारी नसेल, तर ‘मर्यादेत’ हा शब्द कशाच्या आधारावर लिहिला आहे, असे त्यांना लेखी विचारा. अमेरिकेने २०१६ च्या नियमात स्फटिकी सिलिकेची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम केली आहे. आपल्या सूत्रात वीस टक्क्यांच्या धुळीला प्रत्यक्ष क्वार्ट्झची मुभा सुमारे ०.०९ पडते, म्हणजे आपली मर्यादाच त्यांच्यापेक्षा जवळपास दुप्पट सैल आहे. ही मर्यादा पाळल्यावरही निश्चिंत होऊ नये असे मला वाटते.

शिवाय मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी धरलेली असते. आपल्याकडे बारा तासांचे काम होत असेल, तर शरीरात अधिक धूळ जाते आणि ती बाहेर टाकायला मिळणारा वेळ कमी होतो. ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने बारा तासांच्या पाळीसाठी मर्यादा निम्म्यावर आणावी लागते.

आणखी एक. एका माणसाचा एका दिवसाचा नमुना म्हणजे संपूर्ण चित्र नव्हे. कामाचा भाग, हवा, ओतलेला जिन्नस, दरवाजा उघडा की बंद, यानुसार आकडा दुप्पट-चौपट बदलतो. सारखे काम करणाऱ्यांचा एक गट धरून त्या गटातील सहा ते दहा नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतले, तर त्यावर काही बोलता येते. यात ठेकेदाराचे कामगार वगळले जातात, आणि नॉकआउटवर बहुधा तेच असतात, याकडे आपण स्वतः लक्ष द्यावे.

यंत्राविना करता येईल अशी एक गोष्ट आजच करा. लहानपणी कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. एरवी ते दिसत नाहीत. संध्याकाळच्या पाळीत फेटलिंगचे दिवे थोडे कमी करा, फेटलरच्या मागच्या बाजूला प्रखर झोताची टॉर्च धरायला लावा आणि समोरून थोडे बाजूला उभे राहून, टॉर्चचा प्रकाश थेट डोळ्यांत येणार नाही अशा कोनातून पाहा. धूळ कुठून उठते, हूडमध्ये (धूळ ओढून घेणाऱ्या पाइपच्या तोंडात) जाते की माणसाच्या तोंडावर येते, हे स्पष्ट दिसेल. त्याचा व्हिडिओ काढून व्यवस्थापनाला दाखवा. माझ्या अनुभवात आकड्यांच्या तक्त्यापेक्षा तो व्हिडिओ अधिक काम करतो.

हूडविषयीही लिहितो, कारण बहुतेक चूक तिथे असते. फुंकर घालून हातभर अंतरावरची पणती विझते, पण श्वास आत ओढून ती विझत नाही. ओढणाऱ्या हवेचा जोर तोंडापासून दूर जाताच कोसळतो. पाइपच्या तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावर तो सुमारे दहा टक्केच उरतो. सहा इंची तोंडाचा पाइप दोन फुटांवर टांगून ठेवला असेल तर ब्लोअर कितीही मोठा असला तरी तो धूळ ओढणार नाही. त्यात उन्हाळ्यात शेजारी उभा पंखा लावला की आहे ती ओढही मोडते आणि एका माणसाची धूळ शेजारच्याच्या नाकात जाते. फेटलिंगचे बाक तिन्ही बाजूंनी बंद करून मागून हवा ओढणे, ग्राइंडरलाच ओढ बसवणे, वाळू चिकटू नये म्हणून साच्याचा लेप सुधारणे, नॉकआउट बंदिस्त करणे, हे मार्ग आहेत. जिथे परवडते तिथे ऑलिव्हाइन किंवा क्रोमाइटची वाळू वापरून क्वार्ट्झच कमी करता येते. आणि कपड्यांवरची धूळ एअर गनने उडवण्याची सवय तर उद्यापासून बंद करा. दिवसभरात जेवढी धूळ नाकात गेली नसेल तेवढी त्या दोन मिनिटांत जाऊ शकते.

मास्क शेवटी येतो. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण कापडी मास्क या धुळीला काहीच करत नाही, आणि चांगला मास्कही दाढीवर किंवा ढिल्या पट्ट्यावर बसत नाही.

आवाज आणि कंप यांचे मापनही याच दौऱ्यात करून घ्या. आपल्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला दोन तास अशी मर्यादा आहे आणि फेटलिंगमध्ये ती सहज ओलांडली जाते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : कायद्याने आपल्या कारखान्याला हायजिनिस्ट नेमणे बंधनकारक नाही. जुन्या अधिनियमात सेफ्टी ऑफिसरसुद्धा हजार कामगारांपासून पुढे होता. २०२० ची जी व्यवसायसुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यात ही संख्या कारखान्यांसाठी पाचशे आणि धोकादायक प्रक्रियांसाठी अडीचशे आहे. १४० कामगारांचा कारखाना दोन्हींत बसत नाही, आणि धूळ मात्र तेवढीच असते. म्हणून वर्षातून काही दिवस तरी बाहेरचा हायजिनिस्ट बोलवावा. त्याने येऊन आधी यंत्र न लावता एक पूर्ण पाळी नुसती उभ्याने पाहिली, तर तो कामाचा माणूस आहे असे समजा.

उत्तर २ : कारखाना_डॉक्टर

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. मी वैद्यकीय बाजू जोडतो. मी नाशिक परिसरातील काही कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो आणि मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतील औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा पाठ्यक्रम मी केला आहे.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यांनी १७०० साली लिहून ठेवले की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर ‘तुमचा व्यवसाय कोणता?’ हेही विचारावे. तीनशे वर्षे उलटली तरी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो. आपल्या फेटलरचे बहुधा तसेच झाले असावे. सिलिकोसिसमध्ये, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगात, गाठी प्रामुख्याने फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयरोगाच्या खुणाही बहुधा तिथेच असतात. त्यामुळे केवळ छातीच्या एक्स-रेवरून औषधे सुरू झाली असतील, तर निदान पुन्हा पाहणे आवश्यक आहे. मात्र त्याने औषधे स्वतःहून बंद करू नयेत. सिलिका फुप्फुसातील संरक्षक पेशींना निकामी करते, त्यामुळे सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि दोन्ही रोग एकत्रही असू शकतात. थुंकीत क्षयजंतू आहेत का हे पाहणारी सीबीनॅट तपासणी झाली होती का हे विचारा, छातीचा उच्च प्रतीचा सीटी स्कॅन करून घ्या आणि एक्स-रे अशा डॉक्टरांना दाखवा जे तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाणित एक्स-रेंशी ताडून वाचतात. त्याचा पगार राज्य कामगार विम्याच्या मर्यादेत असेल आणि त्याचे कार्ड असेल, तर सातपूरच्या विमा रुग्णालयातून सुरुवात करता येईल. तिथे जाताना त्याने कामाची सतरा वर्षे, कामाचे स्वरूप आणि वाळूचा प्रकार कागदावर लिहून न्यावा. तो कागद आपणच लिहून दिलात तर फार बरे होईल.

आता कायद्याचे. पुढील कलमे जुन्या अधिनियमाची आहेत, कारण आपल्याकडील बहुतेक नोंदी अजून त्याच भाषेत ठेवल्या जातात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. पहिल्या अनुसूचीत फाउंड्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४१-सी प्रमाणे अशा कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना, आणि ते काम सोडल्यानंतरही बारा महिन्यांहून अधिक अंतर न ठेवता वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. यातील शेवटचा भाग फारसा कोणी वाचत नाही. सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढत राहतो, म्हणून तो भाग तिथे आहे. सिलिकोसिस तिसऱ्या अनुसूचीतील अधिसूचित रोग आहे आणि कलम ८९ नुसार असा रोगी पाहणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. कळवले जात नाही म्हणून आकडे दिसत नाहीत, आणि आकडे दिसत नाहीत म्हणून रोग नाही असे समजले जाते, हे मी माझ्याच व्यवसायाविषयी खेदाने लिहितो आहे.

मला सर्वांत अधिक काळजी एका गोष्टीची वाटते. निदान झाले की ठेकेदार त्या माणसाला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगतो. म्हणून कामगार तपासणीलाच घाबरतात आणि खोकला लपवतात. तपासणीचा कागद माणसाला काढण्यासाठी वापरला जाणार नाही, त्याला धुळीबाहेरचे काम त्याच पगारात मिळेल, एवढे आधी व्यवस्थापनाकडून वदवून घेतलेत तरच तपासणीला अर्थ राहील.

उत्तर ३ : सातपूर_प्लेटिंग

माझे सातपूरला छोटे हार्ड क्रोम प्लेटिंगचे युनिट आहे, म्हणजे मी आपल्या व्यवस्थापनाच्या बाजूचा माणूस आहे. तरीही लिहितो.

क्रोमच्या टाकीत विजेचा थोडाच भाग धातू चढवण्यात जातो. बाकी विजेने पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात आणि ते फुटले की क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत येतात. त्यातील सहासंयुजी क्रोमियममुळे नाकाच्या पडद्याला छिद्र पडते आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मला हे माहीत होते, पण माझ्याकडेही अहवाल ‘मर्यादेत’ होता. एके दिवशी माझ्या जुन्या कामगाराने रुमाल दाखवला. रोज सकाळी नाकातून रक्ताच्या खपल्या निघतात असे तो म्हणाला. किती दिवस, असे विचारले तर म्हणाला, दोन वर्षे. त्याने सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

नंतर एका हायजिनिस्टने येऊन टाकीच्या कडेचा ओढीचा खाचा पाहिला. टाकी रुंद होती, ओढ एकाच बाजूने होती आणि समोर दरवाजातून वारा येत होता. आम्ही दोन्ही लांब बाजूंना खाचे केले, दरवाजासमोर आडोसा केला, द्रावणावर तुषार दाबणारे रसायन टाकले आणि द्रावणाची पातळी काठापासून आणखी खाली ठेवली. खर्च झाला, तो मी नाकारत नाही. त्या वर्षी टाकीला वीज पुरवणारा नवीन रेक्टिफायर घ्यायचा होता, तो पुढे ढकलला.

एका बाबतीत मात्र पहिल्या उत्तराला थोडी पुरवणी हवी. हूड बसेपर्यंत चार-सहा महिने जातात, आणि त्या काळात मास्क हाच आधार असतो. तेव्हा मास्क शेवटचा हे तत्त्व म्हणून मान्य आहे, पण वेळेच्या क्रमाने तो पहिला द्यावा लागतो. फेटलिंगला किमान भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी-२ दर्जाचा मास्क द्या, शक्य असेल तर बदलत्या फिल्टरचा अर्धमुखी मास्क द्या आणि प्रत्येकाला तो नीट बसतो की नाही हे तपासा. आमच्याकडे ही तपासणी गोड चवीचा सॅकरिनचा फवारा मारून होते. मास्क घातल्यावर गोड चव लागली तर हवा कुठून तरी आत येते आहे असे कळते.

उत्तर ४ : सिन्नर_कोअरशॉप

मी सिन्नरच्या एका फाउंड्रीत कोअर, म्हणजे ओतीव भागातील पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे, बनवण्याच्या विभागात काम करते. आमच्या विभागात बहुतेक सगळ्या बायका आहेत. आमच्याकडे धुळीपेक्षा वासाचा त्रास अधिक आहे. कोअर पेटीत गॅस सोडला की माशासारखा उग्र वास येतो. दुपारनंतर नजर धूसर होते, सगळीकडे निळसर धुके असल्यासारखे वाटते आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री झोपून उठले की सकाळी नजर स्वच्छ असते. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी गेले तेव्हा काहीच सापडले नाही आणि चष्म्याचा नंबरही नाही. सुपरवायझर म्हणतात की सवय होईल. याविषयी कोणी सांगू शकेल का? हा प्रश्न वेगळा वाटत असेल तर क्षमा असावी.

श्वासक्षेत्र यांचे उत्तर :

ताई, क्षमा मागू नका. आपण जे लिहिले आहे ते इतके नेमके आहे की यंत्राआधीच उत्तर जवळपास मिळते. आपल्याकडे ‘कोल्ड बॉक्स’ पद्धत असावी. तिच्यात वाळूतील रेझिन घट्ट करण्यासाठी अमाइन वर्गातील रसायनाची वाफ सोडतात, आणि तिचाच माशासारखा वास असतो. या वाफेने डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला सूज येते आणि निळसर धुके व वलये दिसतात. काही तासांत ती उतरते, म्हणून सकाळच्या तपासणीत काही सापडत नाही. डॉक्टरांकडे पाळी संपताच जा आणि रसायनाच्या पिंपावरचे नाव लिहून न्या.

सवय होण्याची ही गोष्ट नव्हे. वाफ आपल्यापर्यंत येते आहे याचाच हा पुरावा आहे. पेटीचे रबरी सील झिजले आहे का, ओढलेली वाफ आम्लाच्या स्क्रबरमधून (वाफ धुऊन काढणाऱ्या टाकीतून) जाते का, त्या स्क्रबरमधील आम्ल वेळेवर बदलले जाते का, आणि ताजे कोअर आपल्या शेजारच्याच रॅकवर ठेवले जातात का, या चार गोष्टी विचारा. ताज्या कोअरमधूनही वाफ निघत राहते, हे बरेचदा लक्षात येत नाही. आणि नजर धूसर असताना नाशिक-पुणे रस्त्यावर स्कूटर चालवत घरी जाऊ नका. दुसऱ्या कोणाबरोबर जा, नाहीतर नजर निवळेपर्यंत थांबा.

दोघी-तिघींना एकाच वेळी असा त्रास होत असेल तर तारीख, वेळ, कोणते यंत्र चालू होते आणि लक्षणे, अशी साधी वही ठेवा. मी आजवर पाहिलेल्या सर्वांत उपयोगी नोंदींपैकी काही अशा वह्यांतच होत्या.

अंबडचा_सुपरवायझर (मूळ प्रश्नकर्ता) :

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभराने लिहितो आहे, कारण सांगितलेल्या गोष्टी आधी पाहायच्या होत्या.

अहवाल उघडून वाचला. नमुना एकच होता, ‘शॉप फ्लोअर, स्तंभ क्रमांक चारजवळ’. वेळ साठ मिनिटे. क्वार्ट्झची टक्केवारी कुठेही नाही आणि तुलना दहा मिलिग्रॅमशी केली आहे. स्तंभ क्रमांक चार पॅकिंगच्या बाजूला आहे, फेटलिंगपासून सुमारे चाळीस फुटांवर. प्रयोगशाळेला लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

टॉर्चचा प्रयोग गुरुवारी दुसऱ्या पाळीत केला. जे दिसले ते पाहून मी स्वतः दोन मिनिटे काही बोललो नाही. हूड आहे, पण धूळ त्याच्या खालून सरळ माणसाच्या गळ्यापर्यंत येते आणि पंख्याच्या वाऱ्याने शेजारच्या बाकावर जाते. व्हिडिओ व्यवस्थापकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि पंखे त्याच दिवशी दुसऱ्या दिशेला वळवून घेतले. एअर गनवर बंदी घातली आहे, परंतु तिच्याऐवजी व्हॅक्यूम येईपर्यंत ती कितपत पाळली जाईल याची मला शंका आहे. पुढच्या महिन्यात हायजिनिस्टला बोलावण्यास मंजुरी मिळाली आहे आणि नॉकआउटवरच्या ठेकेदाराच्या चार मुलांनाही पंप लावायचा, हे मी पत्रात घालून घेतले आहे.

आमच्या फेटलरला डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे कामाची माहिती लिहून दिली आणि मी स्वतः त्याच्याबरोबर सातपूरला गेलो. सीटी स्कॅनची तारीख मिळाली आहे. तोपर्यंत तो स्टोअरमध्ये, त्याच पगारात काम करतो आहे. तिथेही तो ग्राइंडरच्या आवाजाने मान वर करून पाहतो.

पंप लावण्याची पद्धत मी सर्वांना समजावून सांगितली, तेव्हा एका तरुण हेल्परने विचारले की यंत्राचा आकडा आला की तो आम्हाला सांगणार का, की तोही फाइलला लागणार. मी जुन्या अधिनियमातील कलम १११-अ वाचून आलो होतो, ज्यात कामगाराला आपल्या आरोग्याशी संबंधित माहिती मागण्याचा हक्क दिला होता. मी त्याला सांगितले की आकडा मराठीत, ज्या त्या माणसाच्या बाकासमोर लावू. आता तो फलक कसा लिहावा, म्हणजे मर्यादा, क्वार्ट्झ आणि सरासरी या तिन्ही गोष्टी सातवी शिकलेल्या माणसाला एका नजरेत कळतील, याविषयी कोणाकडे नमुना असेल तर कृपया इथे टाकावा.

श्वासक्षेत्र :

नमुना रविवारपर्यंत टाकतो. तोवर एवढेच करा : फलकावर माणसाचे नाव घालू नका, बाकाचा क्रमांक घाला. आकड्याशेजारी मर्यादेची एक आडवी रेषा काढा आणि त्या दिवसाचा आकडा तिच्यावर आहे की खाली, हे रंगाने दाखवा. खाली एक ओळ सोडा, जिथे ‘यावर आपण काय केले’ हे तारखेसह लिहिता येईल. आणि पहिला फलक लावण्यापूर्वी त्या हेल्परलाच तो वाचायला द्या. त्याला जिथे अडेल, तिथे शब्द बदला.